खांब ठेवून स्वयंपाकघर: वाईतल्या एका वाड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाईत कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांच्या अंतरावर हा दुमजली, एका चौकाचा वाडा आहे. घरच्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. वाडा नक्की कधीचा हे घरात कुणालाच माहीत नाही. बांधणी नेहमीची: काळ्या दगडाचं जोतं, वर मातीत रचलेल्या विटांच्या दोन फुटी भिंती, त्यांना चुन्याचा गिलावा, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि डोक्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत. कडीपाटावर वीतभर माती, आणि ती माती हीच वरच्या मजल्याची जमीन.

घरात राहणाऱ्या एकट्या काकू. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. मुलगा आणि सून पुण्याला. दोघांचंही काम घरून करता येण्यासारखं झाल्यावर त्यांनी वाईला कायमचं यायचं ठरवलं आणि मला बोलावलं ते "फक्त स्वयंपाकघराचं बघा" असं सांगून. जुन्या घरात "फक्त" काही नसतं हे मला माहीत असायला हवं होतं. तरी मी दोन महिन्यांची मुदत आणि ३ लाख २० हजारांचा अंदाज लिहून दिला.

खोली दक्षिणोत्तर सतरा फूट आणि पूर्व-पश्चिम अकरा फूट. पूर्वेला माजघराचं दार, पश्चिमेला परसाचं दार आणि गजांची लहानशी खिडकी. वायव्य कोपऱ्यात मोरी. ईशान्य कोपऱ्यात एकेकाळची चूल आणि तिच्यावरचं धुराडं, विटांनी बुजवलेलं. खोलीच्या बरोब्बर मध्ये सात इंची सागवानी खांब. दक्षिणेच्या भिंतीला कडाप्प्याचा ओटा. हा ओटा १९७४ चा, म्हणजे घरात गॅस आला तेव्हाचा. काकूंचं लग्न त्याच वर्षीचं, म्हणून साल पक्कं. फ्रिजला स्वयंपाकघरात जागा नव्हती, तो माजघरात.

अडचण

घरच्यांनी सांगितलेल्या अडचणी चार होत्या. ओटा अंधारात आहे, दिवा लावला तरी स्वतःचीच सावली पातेल्यात पडते. पश्चिमेच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत ओल आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर फुटणारा पांढरा क्षार. साठवणीला जागा नाही. आणि काकूंचा उजवा गुडघा: जमिनीवर बसता येतं, उठता येत नाही.

पाचवी अडचण मला दिसली, ती मी एक अख्खा दिवस त्या खोलीत स्टूल टाकून बसले तेव्हा. हे मी प्रत्येक कामाआधी करते. घरातल्या बाईला आधी संकोच वाटतो, दहा वाजेपर्यंत ती तुम्हाला विसरते आणि मग खरं काय ते दिसतं. सकाळी साडेसात ते दुपारी बारा या वेळात काकू स्वयंपाकघरातून माजघरातल्या फ्रिजकडे एकतीस वेळा गेल्या. तांदूळ धुवायला ओट्यापासून मोरीपर्यंत पंधरा फूट, धुतलेले तांदूळ घेऊन परत पंधरा फूट, वाटेत खांब. भाजी मात्र त्या ओट्याजवळ चिरतच नव्हत्या. विळी घेऊन थेट परसाच्या दाराच्या उंबऱ्याशी बसत होत्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "अहो, अळी दिसायला नको का भाजीतली?"

मी टेप काढून मोजलं. स्वयंपाकघर आखताना पाणी, शेगडी आणि फ्रिज या तिघांमधलं अंतर जोडून साधारण तेरा ते सव्वीस फुटांच्या आत ठेवावं असा एक ठोकताळा आहे. इथे ती बेरीज एकसष्ट फूट भरली.

ठोकताळ्यांबद्दल थोडं विषयांतर करते. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या घरांसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, त्याच्यापासून आजच्या मॉड्युलर किचनची वंशावळ सांगतात. ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, एका बाईने एकटीने काम करायचं म्हणून. काकूंचं स्वयंपाकघर त्याच्या पावणेतीन पट मोठं. त्यात दोघी काम करणार, एक उभी आणि एक बसलेली, आणि तिथेच पानंही मांडली जाणार. पावलांची मोजदाद ही कल्पना घ्यावी, आराखडा तिथून उचलून आणू नये.

मोजमाप कागदावर उतरवल्यावर एक गोष्ट लख्ख झाली. मूळ आखणी करणाऱ्याने पाणी आणि विस्तव एकाच उत्तरेच्या भिंतीला दोन टोकांना ठेवले होते, मध्ये साडेसात फूट. मोरीचं पाणी परसात, चुलीचा धूर वर. ही घडी मोडली ती १९७४ च्या ओट्याने. गॅसला धूर नाही, मग धुराड्याशी कशाला जायचं, असा तेव्हा सरळ हिशेब झाला असणार. तेव्हापासून पन्नास वर्षं या घरातल्या बायका पाणी आणि विस्तव यांच्यामध्ये चालत होत्या.

समोरचे पर्याय

माझ्याआधी एका मॉड्युलर किचनवाल्याने संगणकावर सुंदर चित्र काढून दिलं होतं. ५ लाख ६० हजार. त्यात खांब नव्हता. "तो काढून वर लोखंडी गर्डर टाकू," असं त्याने तोंडी सांगितलं होतं. कडीपाटाखाली फॉल्स सीलिंग आणि चारही भिंतींना छतापर्यंत टाइल्स. सूनबाईंना ते चित्र आवडलं होतं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. स्वच्छ, उजेडाचं, कप्प्याकप्प्यांचं स्वयंपाकघर कुणाला नको असतं?

मी वाईजवळच्या गावातले एक जुने सुतार बोलावले. त्यांनी खांबावर हात फिरवला, वर तुळईकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्यो काढला तर वरची खोली खाली जेवायला यील." गर्डर टाकता येतोच, पण त्याची दोन्ही टोकं ज्या भिंतींवर टेकणार त्या मातीतल्या विटांच्या. एका खांबाने तळखड्यावर, म्हणजे पायाखालच्या दगडावर, उतरवलेला भार अशा भिंतीच्या दोन बिंदूंवर आणून ठेवायचा, आणि त्यातली एक भिंत ओली. पर्याय तिथेच संपला. फॉल्स सीलिंगला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी होता: कडीपाट झाकला की वाळवी आणि गळती दोन्ही झाकली जातात.

दुसरा पर्याय मुलाचा. स्वयंपाकघर माजघरात आणायचं, मागच्या खोलीचं कोठार करायचं. माजघर कोरडं आहे, चौकाचा उजेड आहे. पण पाण्याचा निचरा घराच्या पोटातून, जमिनीखालून चाळीस फूट न्यावा लागला असता. ओट्याच्या सांडपाण्याला दर चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो, म्हणजे मागच्या टोकाला पाइप जोत्याच्या दगडात घुसला असता. शिवाय सागवानी खांबांच्या तळखड्यांजवळून सांडपाणी नेणं मला कधीच पटलेलं नाही. पाइप कधी तरी गळतो, आणि तो कुठे गळतोय ते लाकूड कुजल्यावर कळतं.

तिसरा पर्यायही मुलाचाच: वरच्या मजल्यावर त्यांच्यापुरतं वेगळं छोटं किचन, खाली आईचं आहे तसं. तांत्रिक उत्तर माझ्याकडे तयार होतं. वरच्या जमिनीत वीतभर माती, म्हणजे आधीच दर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आगेमागे वजन. त्यात कडाप्पा, भिंतीचा तुकडा, पाण्याची टाकी. आणि लाकडावर पाणी. पण ते सांगायची वेळच आली नाही. काकू पोळ्या लाटत होत्या, लाटणं थांबवून म्हणाल्या, "चूल वेगळी मांडायची असेल तर तसं सांग. आडून नको." मुलगा म्हणाला, "आई, तसं नाही गं." सूनबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला फोन करून सांगितलं की वरचा विचार सोडा.

मराठीत "चूल वेगळी करणं" याचा अर्थ काय होतो हे नकाशा काढणाऱ्याने विसरू नये. मी विसरले होते. वरच्या किचनचं कच्चं चित्र माझ्या वहीत होतं.

राहिला चौथा पर्याय. स्वयंपाकघर आहे त्याच खोलीत, खांब जागेवर, आणि ओटा दक्षिणेकडून उचलून परत उत्तरेच्या भिंतीला, मोरी आणि जुन्या चुलीच्या मध्ये. कागदावर बेरीज एकोणीस फुटांवर आली: सिंक ते शेगडी सहा, शेगडी ते फ्रिज पाच, फ्रिज ते सिंक आठ. फ्रिज पूर्वेच्या, माजघराकडच्या कोरड्या भिंतीला. खांबाच्या उत्तरेला रांधायचं, दक्षिणेला जेवायचं. जो खांब अडचण म्हणून पाडायला निघाले होते तोच दोन भागांची सीमा झाला.

परवानग्यांचं थोडक्यात. वाडा कुठल्या वारसा यादीत नाही हे नगरपालिकेत जाऊन पाहिलं. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, तेही तपासलं; लागू होत नव्हतं. मालकीचं मात्र मी विचारलंच नाही. ते पुढे येतं.

काय केलं

नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर सुरुवात केली. पहिलं काम भिंतीचं.

पश्चिमेच्या भिंतीवर नव्वदच्या दशकात ओल झाकायला सिमेंटचा गिलावा करून टाइल्स लावल्या होत्या. माती आणि चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल वर चढते आणि जिथे सिमेंट संपतं तिथे लोण्याच्या पांढऱ्या फुलांनी बाहेर येते. टाइल्स काढल्या तर मागच्या विटा बोटाने कुरतडता येत होत्या. बाहेर परसात पाहिलं तर कारण सापडलं: कपडे धुवायला म्हणून परसात काँक्रीट ओतलेलं, ते जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा चार इंच उंच, आणि उतार घराकडे. त्यात मोरीचा निचरा भिंतीतच फुटलेला. बाहेरचं काँक्रीट फोडलं, जमीन जोत्याखाली नेली, भिंतीला लागून खडीचा चर काढला, मोरीतून नवा पाइप सरळ परसातल्या चेंबरपर्यंत नेला. मग भिंत चार फुटांपर्यंत सोलून उघडी टाकली.

भिंत किती दिवसांत वाळते? ठोकताळा असा की महिन्याला साधारण इंचभर. दोन फुटी भिंतीचा हिशेब आपणच करा. दोन महिन्यांच्या माझ्या मुदतीत ते बसणार नव्हतं, हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. आम्ही एप्रिलअखेरपर्यंत भिंत उघडी ठेवली, पूर्ण वाळायची वाट न बघता चुन्याचाच गिलावा केला, म्हणजे उरलेली ओल त्यातून निघत राहील. एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि सुरखी (विटांची पूड). पाण्यात हिरडा आणि गूळ. गवंड्याला गुळाचं प्रमाण विचारलं तर तो म्हणाला, "मुंगी येईल इतका नाही." वर ओलं गोणपाट टांगून पंधरा दिवस सादळत ठेवला.

गिलावा काढल्यामुळे आणखी एक गोष्ट उघडी पडली. सुतारांनी पश्चिमेच्या भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाला पटाशी लावली आणि ती नऊ इंच आत गेली. लोण्यासारखी. इतकी वर्षं ती तुळई खांबाच्या जिवावर उभी होती. खांब काढला असता तर काय झालं असतं ते मुलाने त्या दिवशी स्वतः बघितलं, आणि मॉड्युलरचं चित्र पुन्हा चर्चेत आलं नाही.

काम तिथेच थांबवलं. वरची खोली रिकामी केली, तुळईला टेकू दिले, कुजलेलं टोक कापलं. जोडायला नवं लाकूड न घेता परसातल्या पडक्या गोठ्याची सागवानी तुळई वापरली. तिला जे काही वळायचं, आकसायचं होतं ते शंभर वर्षांत होऊन गेलेलं. तिरका सांधा, दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, आरपार बोल्ट. टोकाखाली दगड आणि भोवती बोटभर मोकळी जागा, लाकडाला वारा लागावा म्हणून. तीन आठवडे आणि, चराचं काम धरून, १ लाख ३० हजार. अंदाजपत्रकात यातला एक रुपयाही नव्हता.

सुतारांचं एक म्हणणं इथे नोंदवते. चूल पेटायची तोवर धुरानं कडीपाट काळा होता आणि कीड फिरकत नव्हती. चूल थांबली आणि वाळवी आली. वाळवीला ओल आणि फुटका निचरा जास्त कारणीभूत असं मला वाटतं. पण कडीपाटाचं काळेपण घासून घालवायचं नाही यावर आमचं एकमत झालं. मऊ कुंच्याने झाडला, बोरॅक्सचं पाणी मारलं, तसाच ठेवला.

आता धुराडं. शेगडी जुन्या चुलीच्या कोपऱ्यात येणार, तर तिची चिमणी त्याच धुराड्यातून वर न्यायची असं ठरलं: सहा इंची पत्र्याचा पाइप, सरळ उभा, एकही वळण नाही, वर पावसाला टोपी. एवढी चांगली वाट नव्या घरातही मिळत नाही. बुजवलेल्या विटा काढायला माणूस वर पाठवला तर त्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खोलीला कुलूप. ती खोली वाटणीत काकूंच्या चुलत दिरांकडे गेलेली, आणि ते कुटुंब मुंबईला. धुराडं त्या खोलीच्या कोपऱ्यातून जातं. फोनवर त्यांनी "बघू, आलो की बोलू" एवढंच सांगितलं. बोलणं रोखठोक नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटणीतलं काहीतरी अजून शिजत होतं, ते मी विचारलं नाही.

दोन वाटा होत्या. उत्तरेच्या भिंतीला भोक पाडून पाइप आडवा बाहेर काढायचा, किंवा थांबायचं. मुलाला भोक पाडायचं होतं. मी थांबा म्हटलं, कारण ती भिंतही सामाईकच. सहा आठवडे गेले. कृष्णामाईच्या उत्सवाला दीर आले, काकूंनी त्यांना जेवायला बोलावलं आणि जेवण त्या अर्धवट खोदलेल्या स्वयंपाकघरातच वाढलं, उघड्या भिंतीसमोर. हात धुऊन झाल्यावर त्यांनी किल्ली दिली. साध्या कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या.

ओट्याच्या उंचीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. काकू चार फूट अकरा इंच, सूनबाई पाच फूट सात. कोपरापासून चार ते सहा इंच खाली काम करायला बरं पडतं. म्हणजे एकीला एकतीस-बत्तीस इंच, दुसरीला छत्तीस. मधलं माप घ्यायचं तर दोघींची गैरसोय. आम्ही विटा आणि एक फळी घेऊन आठवडाभर उंची बदलून पाहिली, दोघींनी रोज पोळ्या लाटल्या. दोन गोष्टी कळल्या. शेगडीची स्वतःची उंची आणि वर पातेलं धरलं की शेगडीखालचा ओटा दोघींनाही कमीच हवा. आणि पोळी लाटताना खांद्याचं वजन पडावं लागतं, त्यामुळे सूनबाईंनाही लाटायला बत्तीस इंच चाललं. चिरायला मात्र चाललं नाही, पाठ दुखली.

म्हणून पक्का ओटा एकतीस इंचांचा. त्याच्याशिवाय छत्तीस इंच उंच, दीड बाय तीन फुटांचं सागवानी टेबल, हलवता येणारं, खांबाला टेकून ठेवायचं. आणि परसाच्या दाराशी, जिथे काकू उंबऱ्यावर बसत होत्या तिथे, अठरा इंच उंच आणि तीन फूट रुंद कट्टा: चार दगडी पायांवर शहाबादी फरशी, भिंतीपासून दोन इंच सुटी. खुर्चीवर बसावं तसं बसायचं, डावा पाय वर घेऊन विळीच्या पाटावर ठेवायचा, उजवा खाली सोडायचा. हे माप काढायला काकूंना मी तीन वेगवेगळ्या खोक्यांवर बसवलं.

बाकीचं भराभर सांगते. ओट्याला जुनाच कडाप्पा, धुऊन घासून. विटांचे पाये, भिंतीपासून इंचभर फट आणि वर दगडाची पट्टी. खाली प्लायचे बंद कप्पे नाहीत, सागवानी चौकटीला जाळीची दारं. सिंक मोरीच्या जागी, पण मोरी अर्धी ठेवली. मोठी तपेली सिंकमध्ये मावत नाहीत. वायरिंग भिंत न खोदता वरून पाइपात, नवं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली तर लगेच पुरवठा तोडणारा स्विच), मिक्सर-ओव्हनला १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरजवळ जमिनीशी जाळीचा झरोका. परसाचं दार आडवं दुभागून वरचं झडप दिवसभर उघडं राहील असं केलं. उजेडावर केलेला खर्च एवढाच, बाकी चुन्याच्या पांढऱ्या भिंतीने केलं.

एक फजिती. दक्षिणेच्या भिंतीला डाळीच्या डब्यांची फळी लावायला ड्रिल मारलं आणि ते कोपरापर्यंत आत गेलं. आत बळद निघालं, धान्य साठवायची भिंतीतली पोकळी, तळाशी कोंडा. भिंत आधी ठोकून पाहायची असते हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. फळीचा बेत रद्द करून बळदाचं तोंड चौकोनी केलं, दारं लावली, ते फडताळ झालं. साठवणीची घरातली सगळ्यात चांगली जागा आता तीच आहे.

परिणाम

स्वयंपाकघर जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. दोन महिन्यांचे सात झाले, ३ लाख २० हजारांचे ४ लाख ८५ हजार.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात मी पुन्हा स्टूल टाकून बसले. सकाळच्या त्याच वेळात फ्रिजकडे सत्तावीस फेऱ्या. माणसं वाढल्यामुळे फेऱ्या फारशा कमी झाल्या नाहीत, पण प्रत्येक फेरी पाच फुटांची. भिंतीची ओल तीन फुटांवरून नऊ इंचांवर आली होती. त्या नऊ इंचांत नव्या गिलाव्यावर लोणा फुटला आहे, तो भाग दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागेल; हे मी आधी सांगितलं होतं म्हणून कुणी दचकलं नाही. चिमणीचा धूर सरळ वर जातो.

जे जमलं नाही तेही लिहिते. कडीपाटाच्या फटींतून माती झडते. पूर्वी वर कुणी फारसं चालत नव्हतं, आता मुलगा वर बसून काम करतो, खुर्ची सरकवतो, आणि खाली उघड्या मांडणीवरच्या ताटांत बारीक धूळ. सूनबाईंची ही तक्रार पूर्ण रास्त आहे. फटींना सागवानी पट्ट्या मारायचं काम आता चालू आहे, स्वयंपाक चालू असताना, म्हणजे दुप्पट त्रासात. खोली रिकामी होती तेव्हा चार दिवसांत झालं असतं. हलतं टेबल हलत नाही. ते खांबाशी एकदा ठेवलं ते तिथेच आहे. आणि कट्ट्यावर विळी घेऊन काकू बसतात त्यापेक्षा जास्त वेळ लॅपटॉप घेऊन सूनबाई बसतात, परसाचा वारा येतो म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

ओटा, उंची, शेगडी यांचा विचार करण्याआधी तुळयांच्या टोकांना पटाशी लावायला हवी होती. तीन माणसं, अर्धा दिवस. अंदाज देण्याआधी तो अर्धा दिवस घेतला असता तर सव्वा लाखाचा धक्का बसला नसता. रक्कम तीच लागली असती, पण ती कागदावर आधी आली असती. आता मी जुन्या घराचा अंदाज दोन भागांत देते: लाकूड आणि पाणी पहिल्या भागात, बाकी सगळं दुसऱ्यात, आणि पहिला भाग संपेपर्यंत दुसऱ्यावर सही घेत नाही.

घर पहिल्यांदा पाहायला मी ऑक्टोबरात गेले. ऑगस्टमध्ये गेले असते तर परसातलं पाणी कुठे वळतं ते डोळ्यांनी दिसलं असतं, काँक्रीट फोडून शोधावं लागलं नसतं.

मालकीचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला हवा होता, आणि तो "घर कुणाच्या नावावर आहे" असा नव्हे. त्याला "आमच्याच" असं उत्तर मिळतं. "तुमच्या स्वयंपाकघराच्या वर कोण राहतं, भिंतीपलीकडे कोण राहतं" असं विचारावं.

सूनबाईंना टाइल्स हव्या होत्या, निदान ओट्यामागे. मी चुन्याच्या भिंतीचं कारण सांगून नाही म्हटलं. उत्तरेची भिंत कोरडी होती. तिथे शेगडीमागे दगडाची पाटी दिली तशी सिंकपर्यंत पूर्ण देता आली असती. फोडणीचे डाग चुन्याला पडतात आणि निघत नाहीत. ते नाही म्हणणं तत्त्वासाठी होतं, भिंतीसाठी नव्हतं, असं आता वाटतं. पाटीचं माप घेऊन आले आहे, पट्ट्यांचं काम झालं की ती बसेल.

दिरांनी लिहून दिलेला कागद अजून साधाच आहे. त्यांनी खोली विकायची ठरवली तर नव्या मालकावर तो बंधनकारक राहील का, हे विचारायला मुलगा वकिलांकडे जाणार होता. अजून गेलेला नाही.